‘आज नको’ म्हणण्याचा अधिकार

दरवर्षी जुलैत गोव्यातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी, एक आदेश आणि एक वाद ठरलेल्या क्रमाने येतात. बातमी कुठल्यातरी वझराखाली, म्हणजे धबधब्याखाली, कोणी बुडाल्याची असते, आदेश प्रवेशबंदीचा असतो आणि वाद पुढच्या जोराच्या सरीबरोबर वाहून जातो. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळी अभयारण्यातील मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले, तेव्हा वनखात्याने अभयारण्यांतील सगळ्याच धबधब्यांची वाट बंद केली. तेव्हापासून प्रश्न एकाच साच्यात विचारला जातो: वझर उघडे ठेवायचे की बंद करायचे? ही मांडणीच चुकीची आहे. वझर म्हणजे काही दुकान नव्हे, की ज्याची फळी सकाळी काढावी आणि तिन्हीसांजेला लावावी.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. नदीच्या घळीतून उंच धबधब्यापर्यंत चालत जाणे पावसाळ्यातही सरसकट बंद करू नये. तसेच ते कोणालाही, केव्हाही आणि कितीही संख्येने मोकळे सोडू नये. ज्या गावातून ती वाट जाते, त्या गावचा जाणता माणूस त्या दिवशी त्या ओहोळाच्या काठी उभा असला पाहिजे, ‘आज नको’ म्हणण्याचा अधिकार कायद्याने त्याच्या हाती असला पाहिजे आणि त्या नकाराची मजुरीही त्याला मिळाली पाहिजे. पणजीत बसून काढलेला आदेश बंदीचा असो वा मोकळिकीचा, ओहोळाला पाणी किती आहे हे त्याला कळत नाही.

बंदीवाल्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी मान्य करतो, कारण मोकळिकीची बाजू मांडणारे तो नेमका टाळतात. धबधब्याखालचे पाणी खरोखरच घातक असते, आणि ते कसे घातक असते हे समुद्रात पोहणाऱ्याला माहीत असतेच असे नाही. उंचावरून कोसळणाऱ्या पाण्यात हवा मिसळून ते पांढरेशुभ्र होते. त्या फेसाळ पाण्याची घनता कमी असल्याने ते माणसाला नेहमीसारखे उचलून धरीत नाही, आणि धारेच्या पायथ्याशी फिरणारा भोवरा वर आलेल्यालाही पुन्हा आत ओढतो. तळाशी रांजणखळगे असतात, कडेच्या खडकावर शेवाळ असते. याहून मोठा धोका मात्र दिसतच नाही. दूधसागर सुमारे ३१० मीटर उंचीवरून उतरतो. त्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला माथ्यामागे कॅसलरॉकच्या बाजूला काय कोसळते आहे हे कसे दिसावे? वर पठारावर तासभर मुसळधार पडले, तर खाली ऊन असतानाही ओहोळ काही मिनिटांत फुगतो, कारण उतार तीव्र असतो, पाणलोट लहान असतो आणि जुलैपर्यंत जमीन इतकी प्यालेली असते की आणखी एक थेंबही ती आत घेत नाही. वाळपईत वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बहुतेक चार महिन्यांतच पडतो.

जुलै २०२४ मध्ये सत्तरीतील पाळी धबधब्यावर ऐंशीच्या आसपास माणसे अडकली होती. त्यांतला कोणी धारेखाली वेडे धाडस करीत होता म्हणून अडकला नव्हता. सकाळी ओहोळ सहज ओलांडून सगळे गेले, आणि मागे पाणी चढल्याने परतीची वाट बुडाली. अग्निशामक दलाचे जवान, पोलीस आणि गावचे लोक यांनी त्यांना बाहेर काढले. जाताना गुडघाभर आणि येताना गळाभर, हीच या घळींची रीत आहे. अशा वेळी ज्यांनी कमरेला दोर बांधून पाण्यात उतरायचे, त्यांचा जीव फुकटचा नाही. ‘आमचा जीव, आमची जबाबदारी’ असे म्हणणाऱ्या हौशी मंडळींनी हा दोर एकदा हातात धरून पाहावा.

इतके मान्य करूनही बंदी हे त्याचे उत्तर ठरते का? गोव्याने याच प्रश्नाला समुद्राच्या बाबतीत वेगळे उत्तर दिलेले आहे. किनाऱ्यांवर दरवर्षी माणसे बुडत होती, आणि तीही धबधब्यांपेक्षा कितीतरी अधिक. तरी कोणी कळंगुट किंवा कोलवा कायमचा बंद करा म्हटले नाही. २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक बसले; लाल-पिवळ्या निशाणांच्या मधल्या पट्ट्यात उतरा, लाल निशाण असेल तिथे उतरू नका, अशी भाषा रुजली; पुढे दूधसागरावर आणि मये तळ्यावरही हे जीवरक्षक दिसू लागले. समुद्र त्याने शांत झाला नाही आणि दारू पिऊन लाटांत शिरणारेही संपले नाहीत. पण ‘आज इथे उतरता येणार नाही’ हे सांगणारा, शिटी हातात असलेला माणूस वाळूवर आला. मग हेच डोंगरात का होऊ नये? समुद्राला हॉटेलवाल्यांचे पाठबळ होते आणि सत्तरी-सांग्याच्या वझरांना ते नाही, एवढेच कारण असेल तर ते उघडपणे सांगावे. त्याला सुरक्षेचे नाव देऊ नये.

इथे एक स्वतःचा प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही आठ जण सत्तरीतील एका वझराकडे निघालो होतो. गावाचे नाव देत नाही, कारण नाव छापले की पुढच्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. बरोबर गावचेच एक साठीचे गृहस्थ होते. आम्ही त्यांना काका म्हणत होतो. तासभर चालून आम्ही पहिल्या ओहोळाला लागलो. पाणी गुडघ्याच्याही खाली होते. काठावर एक काळा दगड होता, त्यावर कोणी वर्षानुवर्षे कपडे आपटून त्याचा माथा गुळगुळीत झाला होता. काकांनी हातातला दांडा त्या दगडाला टेकवून उभा धरला आणि बराच वेळ नुसते पाण्याकडे पाहत राहिले. काठाला तांबूस फेस चिकटला होता, आणि प्रवाहातून कुजलेली पाने येत होती, हिरवी नव्हेत, गेल्या वर्षीची काळी पडलेली. मग त्यांनी मान वर करून पठाराच्या बाजूला पाहिले. तिथे ढग सकाळपासून हलला नव्हता. ‘आयज नाका,’ ते म्हणाले, आणि दांडा काखेत धरून मागे वळले.

आमच्यात लगेच कुरकुर सुरू झाली. फोंड्याहून पहाटे उठून आलो होतो, पाणी तर घोटाभर वाटत होते, आणि एकाने कॅमेऱ्यासाठी नवे जलरोधक वेष्टन खास त्या दिवसासाठी घेतले होते. आम्ही तिथेच बसून थर्मासमधला चहा प्यालो, अर्धा तास काढला. पाणी वाढले नाही. परतून गावात आलो तरी पाऊस पडला नाही. वर काही झाले असेलही, नसेलही; आम्हांला ते कधीच कळले नाही. हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो तो याचसाठी, की त्यात पूर आला नाही. पूर आला असता तर काकांचे शहाणपण सिद्ध झाले असते, गोष्ट रंगली असती आणि आम्हीही ती सांगत फिरलो असतो. पण योग्य वेळी परत फिरलेल्या माणसाजवळ पुरावा काहीच उरत नाही. म्हणून असा निर्णय घेणाऱ्याला ना श्रेय मिळते ना पगार, आणि म्हणूनच सरकारला सरसकट बंदी सोयीची वाटते. बंदीचा कागद दाखवता येतो. ओहोळाच्या काठी वळलेली पाठ कोणाला दाखवणार?

दुसरा आक्षेप जंगलाचा आहे आणि मला तो जिवाच्या धोक्याहूनही जड वाटतो. ज्या चार महिन्यांत आपल्याला वझर पाहायचा असतो, तेच चार महिने रानातल्या बहुतेक बेडकांच्या विणीचे असतात. मलबारचा उडता बेडूक पाण्यावर ओणवलेल्या फांदीला फेसाचे घरटे लटकवतो. हाताने ती फांदी बाजूला सारली की पुढची पिढी चुकीच्या जागी पडते. केरी-चोर्ल्याच्या परिसरातून २००७ साली देवगांडुळांच्या दोन नव्या जातींची नोंद झाली, एकीच्या शास्त्रीय नावात म्हादई आणि दुसरीच्या नावात गोवा आहे. पाय नसलेले हे उभयचर दगड-पाचोळ्याखालच्या ओल्या मातीत राहतात, म्हणजे नेमके तिथे, जिथे आपण घसरू नये म्हणून वाटेच्या बाहेर बूट रोवतो. शंभर माणसे एका रविवारी त्या काठावरून गेली, तर कोणाच्याही मनात वाईट नसताना काठाची माती भुसभुशीत होऊन जाते. त्यात मैफली, फुटलेल्या बाटल्या आणि गाडीतले गाणे ही भर. ज्यांना हे दिसले आहे, ते ‘कायमचे बंद करा’ म्हणाले तर त्यांना वेडे ठरवता येणार नाही.

तरीही जंगलाच्या नावाने चाललेला हा युक्तिवाद एका जागी अडखळतो. पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या सुमारास कुळे गावाहून दूधसागराकडे जीपगाड्या सुरू होतात. शेकडो जीपगाड्या, अभयारण्यातून, ओहोळांच्या पात्रातून चाके बुडवीत जातात, आणि त्याला पर्यटन म्हणतात. पायी जाणारा मात्र रानाला भार होतो? जे रान चाकांना सोसते ते पावलांना का सोसू नये, याचे उत्तर बंदीच्या आदेशांत मला तरी कुठे आढळले नाही. दुसरे असे, की वाट बंद केल्याने जंगल राखले जाते हा समज आपण अनुभवाने सोडून द्यायला हवा होता. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मारले गेले. मार्च २०२३ मध्ये त्याच भागातील डोंगर दिवसेंदिवस जळत राहिले आणि आग विझवायला नौदलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. दोन्ही वेळी हौशी पदयात्रींची गर्दी हे कारण नव्हते. रानात नित्य फिरणारे, काही विपरीत दिसले तर लगेच सांगणारे डोळे कमी होते. २०२० साली दूधसागराच्या परिसरातले मोलेचे रान वाचवण्यासाठी जी चळवळ उभी राहिली, ती रेल्वेचे दुपदरीकरण, महामार्ग आणि वीजवाहिनी या तीन प्रकल्पांविरुद्ध होती. मे २०२२ मध्ये दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. मोलेचे रान ज्यांनी केवळ नकाशावर पाहिले होते, त्यांच्याने ती चळवळ उभी राहिली असती का?

रेल्वेच्या रुळांवरून दूधसागराकडे चालत जाण्याचे समर्थन मात्र मी करणार नाही. कॅसलरॉक ते कुळे हा ब्रागांझा घाट सव्वीस किलोमीटरचा आहे, त्याची चढण ३७ला १ अशी आहे आणि वाटेत बोगदे आहेत. बोगद्यात गाडी समोर आली तर बाजूला व्हायला जागा नसते. जुलै २०२३ मध्ये रुळांवर आलेल्या हौशी मंडळींना उठाबशा काढायला लावल्याची चित्रफीत देशभर फिरली. ती शिक्षा मला आवडली नाही, पण मनाई योग्यच आहे. रूळ ही पायवाट नव्हे.

तिसरा आक्षेप प्रशासनाचा, आणि तो सहसा कोणी मोठ्याने बोलत नाही. प्रत्येक वझरावर माणूस ठेवायला खात्याकडे माणसे नाहीत, म्हणून बंदी. ती निदान अमलात आणता येते, असे अधिकारी खासगीत सांगतात. यात तथ्य आहे. परंतु नियमन जमत नाही म्हणून सगळेच बंद करायचे, हा मार्ग गोव्याने याआधी एकदा चालून पाहिला आहे. खाणींवर वर्षानुवर्षे कोणी धड लक्ष ठेवले नाही. मग सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने खनिज उत्खनन थांबवले. ज्यांनी नियम पाळले आणि ज्यांनी डोंगर पोखरले, ते एका रेषेत आले. ट्रकवाला आणि गॅरेजवालाही त्यांच्याबरोबर. उत्पादनाला वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा २०१४ साली घातली गेली, ती आधीच का घालता आली नव्हती? खाणी आणि वझर यांची तुलना प्रमाणाच्या दृष्टीने विसंगत आहे हे मला कळते. साम्य आहे ते एवढेच, की दोन्हीकडे बंदी ही देखरेख न केल्याची कबुली ठरते. शिवाय पायवाटेवरची बंदी अमलात येते हेही खरे नाही. ती पाळतो तो पाळणारा; न पाळणारा मागच्या वाटेने जातो, कोणाला न सांगता जातो, आणि अडकला तर तो कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

मग माणूस कुठून आणायचा? तो गावात आहेच. गोव्याला ही रीत नवी नाही. आपल्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या सखल भातशेतीत, खाऱ्या पाण्यापासून भात राखायचे काम बांध आणि त्यांतल्या मानशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांच्या मोऱ्या, करीत आल्या आहेत. मानशीची दारे भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात, पण फळ्या कधी घालायच्या, खारे पाणी किती आत घ्यायचे आणि पावसाचे गोडे पाणी केव्हा सोडायचे, हे तिथे उभा असलेला माणूस पाणी पाहून ठरवीत असे. तिसवाडीतल्या मानशीची फळी कधी उचलायची याचा हुकूम कोणत्याही राजधानीतून आला नाही. पोर्तुगीज जेते होते, तरी १५२६ साली त्यांनी गावकरीच्या, म्हणजे गावची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या संस्थेच्या, चालीरीती फोराल नावाच्या सनदेत लिहून घेतल्या, मोडल्या नाहीत. महसूल हवा तर बांध टिकले पाहिजेत आणि बांध टिकायचे तर ते गावानेच पाहिले पाहिजेत, इतका व्यवहार त्यांना कळत होता.

इथे माझ्याच मांडणीतला धोका सांगायला हवा, कारण तो याच मानशीने शिकवला आहे. पुढे मानशीवरच्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, होऊ लागली. पैसे भरून हक्क घेणाऱ्याला मासे हवे असतात, भात नव्हे; तो दारे अधिक वेळ उघडी ठेवतो, खारे पाणी आत जाते आणि शेत बुडते. राखणदाराची कमाई ज्यावर अवलंबून, त्याकडेच त्याची नजर जाते. वझराकडे नेणाऱ्या माणसाला डोकी मोजून पैसे मिळू लागले, तर तोही पाणी पाहणार नाही, डोकी मोजील. मग ‘आज नको’ हे शब्द त्याच्या तोंडून येणार नाहीत. म्हणून ही वाट कोणा ठेकेदाराला देऊ नये, तिची पावणी करू नये. वाटाड्याला दिवसाची ठरलेली मजुरी द्यावी, माणसे पुढे नेली तरी तीच आणि अर्ध्यातून परत आणली तरी तीच. दिवसाला किती जण जातील याची मर्यादा वाटेगणिक ठरवावी, आणि बेडकांच्या विणीचे ओढे त्या वाटांतून वगळावेत.

याला कायद्यात जागा नाही असे कोणी म्हणू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यात परवान्याने प्रवेश देण्याच्या कारणांत पर्यटनाचा उल्लेख आहे, आणि त्या परवान्याला अटी घालता येतात. २००६च्या वनहक्क कायद्याने तर सामूहिक वनसंपत्तीत कोणाला, कसे येऊ द्यायचे याचे नियमन करणारा ग्रामसभेचा निर्णय पाळला जावा अशी तरतूद केली आहे. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. नेत्रावळी, खोतीगाव आणि सत्तरीच्या रानवाटा ज्यांच्या पायाखालच्या आहेत, त्यांत हे लोक पुष्कळ आहेत. त्यांचे वनहक्काचे दावे वर्षानुवर्षे फायलींत पडून राहावेत आणि त्यांच्याच ओहोळावर कोण जाईल हे मात्र आदेशाने ठरावे, यात नेमके कोणाचे रक्षण होते?

ग्रामसभेनेच ‘आम्हांला कोणीच नको’ असे ठरवले तर? तर जाऊ नये. काही गावांत वझराच्या माथ्यावर देवराई असते, काही ठिकाणी त्याच पाण्याची नळयोजना असते, काही गावे रविवारच्या गोंगाटाला कंटाळलेली असतात. त्यांना कारण विचारण्याचाही अधिकार शहरातून येणाऱ्याला नाही. मला आक्षेप आहे तो, हा नकार त्यांच्या वतीने दुसऱ्याच कोणी देण्याला. आणि होकारालाही तोच आक्षेप आहे.

त्या दिवशी गावात परतल्यावर मजुरीचा प्रश्न आलाच. आमच्यातला एक जण म्हणाला, की वझर तर पाहिलाच नाही, अर्धे पैसे देऊ. काकांनी त्याच्याकडे पाहिले, पायांवरच्या जळवा मीठ लावून एकेक करून सोडवल्या, आणि ठरलेले सगळे पैसे मागून घेतले.